केशवरावची जीभ

संत्रा खाणं हे काई काम होय काय? पांढुर्ण्यात कोणालेई विचारा, हासंन तुमच्यावर. पण वच्छलाबाईचं थे कामच होतं. करून करून तिचे दात आंबून गेले होते, जिभेवर फोड येत, अन् घरी येऊन भाकरीचा तुकडा तोंडात टाकला का डोळ्यात पाणी उभं राहे. गल्लीतल्या बाया म्हणत, "बाईची मजा हाय, बहार आला का रोज संत्रे." मजा! एक दिवस उपाशीपोटी जाऊन पाहा. या झाडाचा एक, त्या झाडाचा एक, उन्हाकडचा एक, सावलीतला एक, असं सूर्य डोक्यावर येईपर्यंत. मंग सांगा मजा.

मामला असा होता. तिचा नवरा केशवराव बगीचे पाहाचं काम करे. व्यापाऱ्याले झाडावरचा संत्रा घ्याचा असला का तो पहिले केशवरावले संगं नेई. केशवराव बांधावर चपला काढत, झाडाईमधून फिरत, ओठातल्या ओठात मोजत, अन् फिरून आले का सांगत, इतके कॅरेट निघतीन, इतका माल मोठा, इतका बारीक. मंग एक संत्रा तोडून सोलत, एक फाक तोंडात टाकत, डोळे मिटत. "रस हाय." बस. या दोन शब्दावर सौदा होऊन जाये. नुसत्या मोजण्यावर त्याईनं कधी बगीचा घेऊ देल्ला नाई. म्हणत, झाड संत्र्याईनं लदलेलं असलं तरी फळ अंदरून कोरडं निघू शकते, अन् कोरड्या फळाले बाहेरून काई होत नाई, तसंच चमकते.

मंग त्याईची किडनी बिघडली. बीपी पहिलेपासूनच होता, गोळी आठवली तं घेतली, नाई तं नाई. एक दिवस पाय इतके सुजले का चप्पल चढेना. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डायलिसिस आज नाई लागत, पण पथ्य नाई पाळलं तं लागंन. अन् पथ्यात पहिले बंद काय झालं? संत्रा. त्यात पोटॅशियम असते म्हणे. चांगली किडनी थे लघवीवाटे काढून टाकते, बिघडलेली किडनी रक्तातच ठेवते, अन् लय वाढलं तं चालता चालता दिल बंद पडते. जिंदगी संत्र्यात गेली त्या माणसाले संत्राच जहर झाला.

केशवराव एक सालभर घरी बसले. घरी बसलेला माणूस कसा असते थे बायकोलेच माहीत. डाळ कशी निवडली, दार काऊन वाजलं, कुत्रं काऊन भुकलं, सगळ्याचा हिशोब पायजे. शेवटी वच्छलाबाईच म्हणाली, "चला. तुमी पाहा, मी खातो."

"तू?"

"तोंड मलेई देल्लं हाय देवानं."

पहिल्या बहाराले व्यापारी हासले. भूपेंद्र नावाचा एक व्यापारी होता, बाप इटारसीचा, माय सौसरची, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोले. तो म्हणे, "काकाजी, जीभ घरून आणली का?" केशवराव म्हणाले, "हो. माही खराब झाली, आता हे वापरून राहिलो." लोक हासले, वच्छलाबाई नाई हासली. ती फाक चावून राहिली होती. गिळून म्हणे, "वरच्या बाजूचा माल चांगला हाय. विहिरीकडचा नका घेऊ, पाणचट हाय." भूपेंद्रनं विहिरीकडचा माल सोडला. ज्यानं घेतला त्याले पस्तावा झाला. तवापासून हासणं बंद.

हे झालं बाहेरचं. घरचं तं याहून भारी.

सकाळी उठली का वच्छलाबाई भाजी चिरे. चिरून गंजात, मोठ्या पातेल्यात, कोमट पाण्यात टाके. थे पाणी फेके, दुसरं टाके, मंग उकळे, थेई फेके. तवा कुठी पोटॅशियम कमी होये. मंग जे उरे त्याले भाजी म्हणाचं. रंग नाई, वास नाई, मीठ चिमूटभर. केशवराव ताटाकडे पाहून म्हणत, "वच्छले, हे काय कपडे धुवून वाढले काय वं?" ती म्हणे, "हो, वाळले नाई अजून. ओलेच खा." पहिल्या सालाले दोघं हासत यावर. मंग नुसतं बोलत, हासत नव्हते. मंग बोलणंई गेलं. ताट सरकवाचं अन् घास उतरवाचे.

पाणीई मोजून. पोरगा वैभव नागपूरले कंपनीत, तो फोनवर सांगे, "आई, बाबाले पाणी कमी देजो." सांगाले काय जाते? उन्हातून आलेला माणूस माठाकडे पाहते, अन् तुमी त्याले वाटीभर मोजून देता, तवा तुमच्या हाताले काय होते, थे फोनवर नाई समजत.

इतक्या सालात केशवराव एकदाई म्हणाले नाई का वच्छले, तुह्यामुळं जगून राहिलो. वाईट माणूस नव्हता. कधी हात उचलला नाई, कधी दारू नाई. पण चांगला शब्द त्याईच्या तोंडातून निघाचा तं दात काढल्यासारखा. वच्छलाबाईनंई कधी वाट पाह्यली नाई. म्हणजे, ती असं म्हणे.

मंग थो रिपोर्ट आला.

दिवाळीनंतरची तपासणी होती. कागदावर बाकी आकडे रडकेच. क्रिएटिनिन वर, रक्त खाली. पण एका ओळीत लिहून होतं, एचडीएल चौऱ्याहत्तर. अन् बाजूले बारीक अक्षरात, साठच्या वर असल्यास हृदयासाठी चांगले. लॅबवाल्यानं सांगितलं, "काका, हे चांगलं कोलेस्टेरॉल होय. वाईटवालं रक्ताच्या नसेत चरबी टाकते, हे चांगलंवालं थे उचलून नेते. तुमचं तं माह्यापेक्षा जास्त हाय."

केशवरावची छाती फुगली. इतक्या सालात कोणत्या कागदानं त्याईले चांगलं म्हटलं होतं? त्याईनं थो कागद झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये पॅक करून आणला अन् खिशात ठेवू लागले. चहाच्या टपरीवर काढत. "पाह्य. किडनी अर्धी गेली असंन, पण इंजिन पाह्य!"

"कायनं वाढलं जी?" लोक विचारत.

अन् एक दिवस टपरीवर, चारचौघात, वच्छलाबाई पिशवी घेऊन मांगं उभी असतांनी, केशवराव म्हणाले, "जवसानं. हिनं कांडलेल्या जवसानं. रोज ताटात चटणी, मीठ नावाले. हिनं माह्यं दिल बांधून देल्लं, बावा."

वच्छलाबाईनं पिशवी खांद्यावर टाकली. पदर सारखा केला, चालू लागली. घरी येऊन तिनं खलबत्ता काढला, जवस भाजली, कांडाले बसली. त्या दिवशी घरात चटणी होती, तरी कांडली.

मंग गल्लीच लागली मांगं. बाजूची वंदना डबा घेऊन आली. "काकू, आमच्या यायलेई देजा थोडी. त्यायचं वाईटवालं वाढलं." तिचं पाहून तिची जाऊ आली. जावेचं पाहून शाळेतल्या मॅडम आल्या. वच्छलाबाईचा खांदा भरून येई, रात्री हात वर होत नसे, पण नाई कोणाले म्हटलं नाई तिनं. थकलेल्या माणसाले शाबासकी भेटली का तो आणखी थकाले तयार होते. हे जगाले माहीत हाय, म्हणून तं जग शाबासकी इतकी जपून देते.

केशवरावनं दुसरंई एक केलं. नागपूरच्या डॉक्टरनं रात्रीची चरबीची एक गोळी देल्ली होती, थे त्याईनं बंद केली. "चांगलं इतकं असतांनी गोळी कायले? उगाच किडनीवर बोजा." वच्छलाबाईले थोडं खटकलं. पण आकडा तं छापून होता, अन् थो आकडा तिनं कांडून काढला होता. ती चूप बसली.

फागुन लागला, मृगाच्या बहाराचे बगीचे सुरू झाले. अन् वच्छलाबाईले एक गोष्ट दिसाले लागली. केशवराव झाडाईमधून चालतांनी मधातच थांबत. थांबणं नवं नव्हतं, मोजाले थांबतच होते. पण मोजतांनी त्याईचे ओठ हलत. आता ओठ बंद, अन् हात जबड्यावर.

"काय झालं जी?"

"दात दुखून राहिले."

"आंबले तं माह्ये. तुमचे काऊन दुखतीन? चार साल झाले, तुमी फाक नाई चाखली."

"तुह्यं पाहून दुखत असतीन." असं म्हणून ते बांधावर टेकले. थोड्या वेळानं बरं वाटलं, उठले. चार झाडं गेले अन् पुन्हा हात जबड्यावर.

असं दोनदा झालं, मंग दर बगीच्यात. दम लागे, कपाळाले घाम. थंडीच्या सकाळी घाम! वच्छलाबाई म्हणे, डॉक्टरले दाखवू. केशवराव खिशातून कागद काढत अन् तिच्या नाकासमोर धरत. "चौऱ्याहत्तर. दिलाचं काई नाई. दाताचं हाय, काढून टाकू बहार झाल्यावर."

कागद समोर आला का वच्छलाबाईचं बोलणं अडे. थो कागद तिचाई होता नं.

एका शनिवारी ती म्हणाली, जामसांवलीले जाऊन येतो. खोटं नाई बोलली. बसनं गेली, लायनीत उभी राह्यली, मारुतीले हात जोडले, प्रसाद घेतला. मंग तिथून सौसरले गेली, डॉक्टर श्रुतीच्या दवाखान्यात. पोरीच्या वयाची डॉक्टरीण, पण आयकून घेणारी. तिथं बाकावर वच्छलाबाई मायबहिणीच्या रांगेत इतका वेळ बसली का बसल्या बसल्या डोळा लागला. कोणीतरी हलवून उठवलं, "बाई, तुमचा नंबर."

तिनं सगळं सांगितलं. किडनी, पाणी, भाज्या, जबडा, घाम. अन् शेवटी जरा मान वर करून, "पण चांगलं कोलेस्टेरॉल चौऱ्याहत्तर हाय त्यायचं."

डॉक्टरीणबाई हातातला पेन फिरवत थांबल्या. "मावशी, तुमचा किंवा माझा हा आकडा असता तर मी फार विचार केला नसता. काकांची किडनी खराब आहे. किडनी जो कचरा बाहेर टाकत नाही, तो रक्तात फिरतो, आणि हे चांगलं कोलेस्टेरॉलही त्यात बिघडतं. त्याचं काम नसेतली चरबी उचलून न्यायचं. तेच ते सोडून देतं. उलट कधी कधी नसेला सूजच आणतं. आकडा तसाच छान दिसतो."

वच्छलाबाई ऐकून राहिली. मंग हळूच म्हणे, "म्हणजे झाड लदलेलं, अन् फळ कोरडं."

"तसंच समजा. आणि किडनीच्या पेशंटला दिलाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. किती तरी जण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, आधी हार्ट अटॅक येतो. चालताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, हा दात नाही मावशी. उद्याच नागपूरला न्या. बसल्या जागी दुखलं तर उद्याचीही वाट पाहू नका. चरबीची गोळी चालू आहे ना?"

"बंद केली त्याईनं. आकडा पाहून."

डॉक्टरीणबाईनं नागपूरच्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी लिहून देल्ली.

उठता उठता वच्छलाबाईनं विचारलं. विचारतांनी तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "अन् जवस?"

"थोडी खाऊ द्या, वाईट नाही. पण जवसानं दिल सांभाळलं, असं नका धरून बसू."

सौसरच्या बस स्टँडवर ती प्रसादाची पुडी हातात घेऊन बसून राह्यली. दोन बसा गेल्या. वैभवले फोन करून त्याच्या तोंडून सांगता आलं असतं, पण बापानं पोराले आकडाच आयकवला असता. सांगाचं तिलेच होतं. सगळ्या जिंदगीत एकदा चारचौघात जे भेटलं, थे सोताच्या हातानं फोडाचं. तिले राग नाई आला. राग याले अंगात जीव लागते. तिले फक्त झोप आली.

संध्याकाळी तिनं सांगितलं. सरळ, पाणी देता देता. केशवराव आयकत गेले अन् लाल होत गेले.

"म्हणजे मी गावभर खोटं बोलून राहिलो?"

"खोटं नाई. तुमाले माहीत नव्हतं, मलेई नव्हतं."

"वा! तूच जवस कांडली, तूच चटणी चारली, अन् आता तूच म्हणते का बेकार हाय?"

"हो. मीच म्हणतो."

"जामसांवलीले गेली होती का माह्यी चुगली कराले?"

"दोन्हीले."

"उद्या तिगावचा बगीचा हाय. भूपेंद्रले जबान देल्ली. थे झालं का पाहू."

"उद्या नागपूर."

"उद्या तिगाव!" केशवराव वरडले, अन् वरडतांनी हात जबड्याकडे गेला, तो त्याईनं मधातच आवरून मिशीवर फिरवला. वच्छलाबाईनं पाह्यलं. वैभवले फोन केला, तो म्हणे, आई, मी उद्या सकाळी निघतो, तोवर बाबाले समजव. समजव! तिनं दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून ठेवली.

सकाळी भूपेंद्रची गाडी दारात. वच्छलाबाई न बोलता मांगं बसली. एकट्याले सोडाचं कसं? रस्ताभर केशवराव भूपेंद्रशी बोलत राहिले, लय बोलले, जसं कोणी दुखणं झाकाले बोलते.

तिगावचा बगीचा पाहाण्यासारखा होता. फांद्या टेकल्या होत्या जमिनीले, मालकानं खालून बांबू लावले होते. मालक, डोक्यावर उपरणं, हात चोळत उभा. केशवरावनं चपला काढल्या, आत गेले. वच्छलाबाई बांधावरून पाहून राह्यली. तिसऱ्या ओळीत थांबले. ओठ बंद. चालले. पुन्हा थांबले, खोडाले हात लावून. ती धावलीच असती, पण ते चालू लागले. फिरून आले तवा चेहरा धुतलेल्या भाजीसारखा.

"माल भरपूर हाय," ते म्हणाले. कॅरेट सांगितले. मालकाचे डोळे चमकले. "वच्छले, घे."

तिनं संत्रा तोडला. सोलला. फाक तोंडात टाकली. तिघंई तिच्या तोंडाकडे पाहून राह्यले, जसे नेहमी पाहतेत. तिनं चावली, गिळली. पदरानं ओठ पुसले.

"हं," केशवराव म्हणाले, "रस हाय?"

"नाई सांगत."

"काय?"

"पहिले नागपूर. मंग सांगतो."

भूपेंद्र हासला. "काकीजी, ये कौनसा नवा सिस्टम काढला?"

"सिस्टम नाई, बाप्पा. तोंड माह्यं हाय. आज बंद हाय."

मालकाचा जीव खालीवर. "अवं बाई, माह्या मालात खोट हाय का? तसं तोंडावर सांग नं! चूप नको राहू, चूप राह्यली का भाव पडते." त्यानं सोताच एक संत्रा सोलून आख्खा कोंबला. "गोड हाय! रस गळून राहिला, पाह्य!"

"मालक, तुम्हाला तुमचा गोडच लागणार," भूपेंद्र म्हणे. "मला काकीजीची जबान पाहिजे."

केशवराव पुढं आले. लोकायसमोर बायकोनं अडवलेला माणूस, काय होईन त्याचं? त्याईनं खिशातून थो कागद काढला. प्लास्टिकवर ऊन चमकलं. "कितीक वार दाखवू तुले? वाचता येते का नाई?"

"येते. चौऱ्याहत्तर." वच्छलाबाईचा आवाज चढला नाई. चढवाले ताकद नव्हती. "तुमी आजवर एक तरी बगीचा नुसत्या मोजण्यावर घेऊ देल्ला? बोला. हरेकाची फाक चाखली. मंग सोताचीच काऊन नाई पाहाची?"

"माणूस काय बगीचा होय?"

"नाई. बगीच्याले पुढच्या साली पुन्हा बहार येते."

मालकाची गाय कुठंतरी हंबरली.

"मी थकली हो," ती म्हणाली. "भाज्या धुवून थकली. जवस कांडून थकली. संत्रे खाऊन थकली, पाहा हे जीभ." तिनं खरंच जीभ काढून दाखवली, लहान पोरासारखी, लाल, फोडाची. "तुमी या बांधावर पडले तं हे सगळं मी कोणासाठी केलं? त्या टपरीवाल्यासाठी? नागपूर नाई तं आजपासून मी चाखत नाई. ना हा, ना दुसरा. दुसरी जीभ पाहा."

केशवरावनं हात पुढं केला. "दे इकडे. मीच खातो."

तिनं संत्रा देऊन टाकला. एका फाकेनं माणूस मरत नाई, हे तिलेई माहीत होतं. त्याईनं एक फाक सोडवली, नाकाशी धरली. डोळे मिटले. चार सालानं थो वास इतक्या जवळून आला. तोंड उघडलं, अन् तेवढ्यातच तो जबडा पुन्हा धरला. या वेळेस ते चालून नव्हते राहिले, उभेच होते. घाम गळ्यापर्यंत उतरला.

फाक खाली पडली. केशवराव बांधावर बसले. जमिनीकडे पाहूनच म्हणाले, "भूपेंद्र, गाडी नागपूरले घेतं का बावा?"

भूपेंद्रनं सौद्याचं नाव नाई काढलं. चाबी घेऊन धावला.

नागपूरले दिलाच्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं अन् त्याईले चालूच देल्लं नाई, खुर्चीवरून सरळ खाटेवर. एक नस जवळजवळ बंद, दुसरी अर्धी. नळी टाकून नस उघडाची तं फोटोत नस दिसाले आत औषध सोडा लागते, अन् थे औषध किडनीले जड. मंग किडनीचा डॉक्टर अन् दिलाचा डॉक्टर दोघं दारात उभे राहून बोलत राह्यले. आधी सलाईन देल्ली, औषध जितकं कमी जमंन तितकं सोडलं, एक नस उघडली. दुसरीले म्हणे गोळ्यायवर पाहू. पांढुर्ण्याले निघालेला वैभव अर्ध्या रस्त्यातून परतला होता, तो भिंतीले टेकून रडला. वच्छलाबाई नाई रडली, ती बाकड्यावर बसल्या बसल्या झोपली होती. सून सुचितानं तिच्या अंगावर शाल टाकली तरी तिले समजलं नाई.

जीव वाचला. किडनी थोडी आणखी खाली गेली. चरबीची गोळी चालू झाली, दुसऱ्या चार वाढल्या. घरी आल्यावर सगळं तसंच, फक्त जास्त. भाजीचं पाणी, मोजलेली वाटी, गोळ्यायचा डबा, अन् आता रोज बीपी पाहाची मशीन.

वंदना डबा घेऊन आली, "काकू, जवस?" वच्छलाबाईनं चमचाभर देल्ली. म्हणे, "खा. पण नवऱ्याले दवाखान्यात ने. जवस चटणी होय, डॉक्टर नाई." वंदनाले राग आला असंन. येऊ द्या.

थो प्लास्टिकचा कागद केशवरावनं खिशातून काढून पलंगाखाली टाकला. फेकला नाई, पण दाखवलाई नाई कोणाले.

एक दिवस दुपारी ते पलंगावर पडून होते. वच्छलाबाई खाली बसून कोहळं चिरत होती.

"वच्छले."

"हं."

"थो तिगावचा संत्रा कसा होता वं? भूपेंद्रनं तं सोडला थो बगीचा. दुसऱ्यानं घेतला म्हणतेत. रस होता का कोरडा?"

तिचा हात थांबला. "खरं सांगू?"

"सांग."

"मले काई समजलंच नाई. भेव इतकं होतं का तोंडाले चवच नव्हती. साखर देल्ली असती तरी समजली नसती."

केशवरावनं छताकडची नजर काढली. उठून बसले, पाय खाली सोडले अन् गंजाकडे बोट केलं, ज्यात फोडी भिजून राहिल्या होत्या.

"हे पाणी फेकाचं हाय का?"

"हो."

"मी फेकतो."

"गंज उचलाचा नाई म्हटलं डॉक्टरनं."

"मंग तांब्यानं फेकतो."

ती नको म्हणणार होती. मोरी दोन पावलावर, तिनं एका हातानं ओतलं असतं. पण तिनं भिंतीले पाठ टेकवली, पाय पसरले, डोळे अर्धे मिटले. केशवराव स्टुलावर बसून तांब्या बुडवत होते, भरत होते, मोरीत सोडत होते, अन् पुन्हा बुडवत होते. लय वेळ लागला. एक फोड पाण्यासंगं गेली, त्याईनं वाकून मोरीतून उचलली, धुतली, परत गंजात टाकली. तिनं पाह्यलं, अन् जाऊ देल्लं.